वावळाखालची डोलकाठी

माघी पौर्णिमेनंतरचा रविवार, सकाळची वेळ. स्थळ: वनछाया सोसायटी, बोईसर, गेटच्या आतली मोकळी जागा. हजर: अध्यक्ष शहाभाई, सचिव म्हणून मी, वॉचमन यादव, तिसऱ्या मजल्यावरचे हरेश्वर पागधरे आणि त्यांच्या पत्नी लताकाकू, बाकीचे सभासद आपापल्या खिडक्यांतून. विषय एकच: गेटवरचं वावळाचं झाड तोडणे.

ही हजेरी मी वाचून दाखवली तेव्हा पागधरे काका म्हणाले, "सेक्रेटरीबाई, झाडाचं नाव नाय घेतलंत."

"झाड सभासद नाही, काका."

"असं कसं? ज्याचा निकाल लावायचा, तोच गैरहजर?"

खिडक्यांतून हसू आलं. शहाभाई हसले नाहीत. त्याच आठवड्यात, वाऱ्याची झुळूकही नसताना, वावळाची एक जाड फांदी कडाडून खाली आली होती आणि त्यांच्या नव्या गाडीच्या टपावर बसली होती. माणसाला लागलं नाही. पण शाळेच्या रिक्षा नेमक्या त्याच जागी थांबायच्या. पुढची फांदीही गाडीच निवडेल, असं कोण सांगणार? शहाभाईंचं म्हणणं रास्त होतं. मी एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. जे मोडलं ते बाजूला काढायचं आणि जागा मोकळी करायची, ही माझी रोजची सवय. झाडं तोडणाऱ्या माणसाशी मी आधीच बोलून ठेवलं होतं.

झाड दिसतही तसंच होतं. वावळ माघात उघडाबोडका असतो, त्यात याच्या खोडाची साल पापुद्र्यांनी सुटली होती. इमारतीच्या जाहिरातीत हेच झाड शोभेसाठी छापलं होतं, त्याच्यावरूनच सोसायटीचं नाव पडलं. त्या चित्रातला वावळ गोल, भरगच्च, पोपटी होता. समोरचा बघितला की चित्र खोटं वाटायचं.

मग पागधरे काका पुढे आले. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात त्यांची नेहमीची छोटी पितळी हातोडी. झाडाशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "तोडायच्या आधी एक लिवून घ्या. हे म्हातारपणानं मोडलेलं नाय. मी मोडलंय."

तो माणूस कोण होता हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याचं वजन कळायचं नाही.

हरेश्वर पागधरे मूळचे नवापूरच्या किनाऱ्यावरचे. घर होड्यांचं. वडील, काका, भाऊ, सगळे समुद्रावर. हे एकटे बोईसरला एमआयडीसीत लागले आणि निवृत्तीपर्यंत एकच काम करत राहिले: ॲसिडच्या टाक्यांना आतून फायबरचं अस्तर लावायचं. ठिणगी पडू नये म्हणून असल्या कारखान्यांत पितळी हातोडी वापरतात. अस्तर वाळलं की तिनं सगळीकडे ठोकून बघायचं. नीट चिकटलं असेल तर आवाज भरीव येतो, मागे हवा राहिली असेल तर पोकळ. या एका कामानं त्यांच्या कानाला अशी धार आली होती की निवृत्त झाल्यावर त्यांना कान बंद करता येईना. ते सगळं जग ठोकून बघायचे.

कलिंगडवाला त्यांना लांबून बघितलं की गाडी वळवायचा. माझ्याकडे चहाला आले तेव्हा त्यांनी ओट्याच्या फरशीवर टकटक केली आणि म्हणाले, "हिच्याखाली माल नाय." मी मनावर घेतलं नाही. पावसाळ्यात ती फरशी आपणहून फुगून वर आली. शहाभाईंनी भारीतला दरवाजा बसवला, सगळ्यांना बोलावून दाखवला. काकांनी एकदा ठोकला, नुसतं "हं" म्हणाले. शहाभाईंनी त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्याशी सुतारासंबंधी बोलायचं टाळलं. एका लग्नात तर ते अक्षता टाकायच्या आधी स्टेजचा खांब ठोकत बसले, आणि मंडपवाल्याला चार शिव्या घालून तो खांब बदलून घेतला. नवरदेव खोळंबला. लताकाकू पहिल्या रांगेत डोक्याला हात लावून बसल्या होत्या. "माझ्या लग्नात यांच्याकडे हातोडी नव्हती म्हणून वाचले," त्या म्हणाल्या. "नायतर मलाच ठोकून बघितलं असतं."

"तू भरीवच हायस," काका म्हणाले.

आणखी एक रीत होती त्यांची, घरातून आलेली. आपलं चुकलं की तोंडानं माफी मागायची नाही, मासळी द्यायची. यादवला एकदा विनाकारण ओरडले, तर दुसऱ्या सकाळी त्याच्या खोलीच्या कडीला कागदात गुंडाळलेले सुके बोंबील. यादव मिर्झापूरचा, त्याला पहिल्यांदा वाटलं कोणी करणी केली. माझ्याकडे दोनदा सुकट आली, एकदा पापलेट. पापलेट म्हणजे चूक मोठी होती. शहाभाई मासळीचा वासही घेत नाहीत, त्यांना नारळ जायचा. त्यांच्या घरी काही काळ नारळ विकत आणावा लागला नाही.

तर हे काका भर सभेत म्हणाले, झाड मी मोडलं.

काय झालं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कळलेलं मात्र कोणालाच नव्हतं. काही वर्षांपूर्वी वावळाच्या खोडात छातीच्या उंचीवर एक ढोली होती. मुलं तिच्यात चेंडू लपवायची. एकदा तिच्यातून घोरपड निघाली आणि तळमजल्यावर दोन दिवस कोणी दार उघडं ठेवलं नाही. ढोली बुजवायचं ठरलं. कोणी सिमेंट म्हणालं. काका म्हणाले, सिमेंटला तडा जातो, मी फायबर मारून देतो. गावाला त्यांनी भावाच्या जुन्या लाकडी होडीला फायबर मारलं होतं आणि मोडीत निघालेली ती होडी पुन्हा समुद्रावर जायला लागली होती. त्यांनी ढोली खरवडली, आतून हवा मारून सुकवली, रेझिन लावलं, त्यावर काचेच्या धाग्यांची चटई, पुन्हा रेझिन, पुन्हा चटई. शेवटचा हात सालीच्या रंगाचा. इतकं सुबक काम की ढोली कुठे होती ते शोधावं लागायचं. आमच्या सोसायटीत निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या प्लांटमधले. सगळे येऊन हात फिरवून गेले. काकांनी हातोडी मारली. भरीव आवाज आला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

टाकीचं अस्तर कसं असावं हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हे झाड आहे, एवढं सोडून.

"होडीचं लाकूड मेलेलं असतं," काका त्या रविवारी सांगत होते. आवाज चढा नव्हता. "त्याच्यात बाहेरचं पाणी शिरू द्यायचं नाय, येवढंच काम. झाडाचं पाणी आतून येतं. त्याला बाहेर पडायला वाट लागते. मी वाट बंद केली. आत सगळं कुजलं, नि वर फांदी सुकली. जित्या झाडाला मी मेल्या लाकडाचं औषध दिलं. आता ठोकून बघा." त्यांनी हातोडी मारली. अस्तराचा आवाज पूर्वी दगडासारखा टणक यायचा. आता ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आला.

"पागधरेभाई," शहाभाई म्हणाले, "तुम्ही कबूल केलं, चांगली गोष्ट आहे. पण झाड तर सडलं ने?"

"किती सडलं ते उघडल्याशिवाय कसं सांगू? दोन पावसाळे द्या. तेवढ्यात मनगटाएवढी फांदी आपणहून पडली, तर पयला घाव मी घालीन. कोणाला बोलवायला नको."

"ने कोणाच्या माथ्यात पडली तर?"

"खाली कोणाला उभं राहू देणार नाय. मी हाय ना."

दोन पावसाळे मिळाले. शहाभाईंनी अट घातली, मी लिहून घेतली: मनगटाएवढी एक फांदी, की झाड गेलं. काकांनी त्याच दुपारी गावाहून जुनं जाळं आणलं आणि तरंगण्याच्या नारिंगी बोयांसकट झाडाभोवती बांधून टाकलं. शाळेच्या रिक्षा पलीकडच्या बाजूला हलल्या. मुलांना वाटलं झाडाला पकडलंय.

काम कसं करायचं, याचे त्यांचे नियम सगळे उलटे होते. टाकीत काम करताना वरून खाली यायचं असतं. इथे त्यांनी अस्तर खालून कापायला घेतलं, आधी पाण्याला वाट म्हणून. एकदम ओरबाडून काढलं नाही. एक पट्टी काढायची, मग थांबायचं. "किती दिवस?" मी विचारायची, कारण माझ्या यादीत कामासमोर तारीख लागते. ते म्हणायचे, "झाडाला विचारून सांगतो." मला राग यायचा. स्टोअर्समध्ये असं उत्तर देणाऱ्याला मी माल देत नाही.

पहिली पट्टी निघाली तेव्हा काळं पाणी ओघळलं आणि असा वास सुटला की यादवनं खुर्ची उचलून रस्त्यावर नेली. काका तिथेच उकिडवे बसून राहिले. पाणी थांबेपर्यंत उठले नाहीत. वरच्या सुकलेल्या फांद्या त्यांनी दोरखंड लावून, तुकड्या-तुकड्यानं, होडीवरून नांगर सोडावा तशा अलगद खाली सोडल्या. खाली येणारा प्रत्येक तुकडा आधी ठोकून बघायचे, मग बाजूला ठेवायचे.

शेवटची पट्टी निघाली तो दिवस मात्र मला लख्ख आठवतो. मी कारखान्यातून घरी येत होते, हातात भाजी. काकांनी हाक मारली. "सेक्रेटरीबाई, पिशवी ठेवा नि इकडं डोकं घाला."

"त्या घाणीत?"

"घाला तर."

मी डोकं घातलं. त्यांनी बाहेरून टॉर्च धरली. मला वाटलं होतं, आत काळा चिखल दिसेल. तो होताच, तळाशी, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखा. पण वरून, ढोलीच्या जित्या कडेपासून, त्या चोथ्यापर्यंत मुळं उतरली होती. खोडाच्या आत. काही दोरीएवढी, काही मनगटाएवढी, एकमेकांना धरून, अंधारात सरळ खाली. झाड आपल्याच कुजलेल्या पोटात मुळं सोडून तिथलं खत खात होतं. आम्ही बाहेरून कुलूप लावून बसलो होतो आणि आत त्यानं स्वतःसाठी दुसरं खोड चालू केलं होतं.

मी डोकं बाहेर काढलं. काकांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायच्या ऐवजी ते हसत होते.

"बघितलंत? आमी दार लावलं. यानं आतून जिना बांधला."

त्या संध्याकाळी सोसायटीतलं एकेक माणूस येऊन त्या ढोलीत डोकं घालून गेलं. देवळात जावं तशी रांग लागली. शहाभाई शेवटी आले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोकं आत घातलं आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. बाहेर आल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "आ काय आहे, पागधरेभाई?"

"मना काय माहीत? मी तर टाकीवाला."

मला नंतर अनेकदा वाटलं, की काकांबद्दलचा माझा आदर त्या उत्तरात आहे. इतक्या मोठ्या गोष्टीपुढे उभे राहून त्यांनी कुठलंही ज्ञान पुढे केलं नाही. आतला काळा चोथा साफ करून टाकू या, असं मीच सुचवलं. मला स्वच्छता आवडते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जेवणाऱ्याच्या पुढचं ताट उचलायला निघाले होते. "ऱ्हाऊ दे. जेवतंय ते."

आणि मग आली मासळी.

ही गोष्ट शहाभाई अजूनही सांगतात, पूर्वी रागानं, आता कौतुकानं. चूक झाली की मासळी द्यायची, ही काकांची रीत, आणि चूक झाडाबाबत झाली होती. एका सकाळी टेम्पोतून गोणी उतरल्या. त्यांत कुटा, म्हणजे सुक्या मासळीचा उरलेला चुरा; किनाऱ्यावरचे लोक तो वाडीत खत म्हणून घालतात. काकांनी फांद्यांच्या घेराच्या कडेकडेनं चर खणला आणि कुटा पुरायला सुरुवात केली.

यादव लांबूनच ओरडला, "पागधरे साहब, किसको दफना रहे हो?"

"माफी माँग रहा हूँ, यादव. तू भी दो मुठ्ठी डाल, तूने भी ताली बजाई थी."

वास तीन इमारतींपलीकडे गेला. एमआयडीसीच्या वासात वाढलेली माणसं आम्ही, पण याच्यापुढे हात टेकले. बोईसरमधली सगळी मांजरं आमच्याकडे मुक्कामाला आली. शहाभाईंच्या आईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि घरात अखंड उदबत्ती लावली. तातडीची सभा झाली. शहाभाई म्हणाले, "माफी मागायची तर नारळ द्या ने! मला देता ने!"

"शहाभाई, तुमी माणूस हाव, नारळावर भागतं तुमचं," काका म्हणाले. "त्याचं पोट मोठं हाय."

वास गेला. मांजरं काही राहिली. पाऊस आला आणि त्या पावसाळ्यात वावळाला जी पालवी फुटली, तिच्यातलं एक पान लताकाकूंनी मला आणून दाखवलं. तळहाताएवढं. मी ते चुरगळून वास घेतला. वावळाचं पान चुरगळलं की उग्र दुर्गंधी येते, ती आली. मला बरं वाटलं.

त्याच दिवशी लताकाकूंनी सांगितलं. आमच्या इमारती, कारखाने, रस्ता, यातलं काही नव्हतं तेव्हा काकांची आई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन किनाऱ्यावरून बोईसर स्टेशनला चालत यायची. पाटी एकटीला उतरवता येत नाही आणि एकटीला चढवताही येत नाही. बायका दोघी-तिघी मिळून चालायच्या आणि पाट्या उतरवायच्या जागा ठरलेल्या असायच्या. या वावळाखाली शेवटचा थांबा. "हे लहान होते तवा आईबरोबर येयाचे. ती इथं बसून मानेला तेल लावायची," लताकाकू म्हणाल्या. "फ्लॅट घेताना मी म्हटलं, तिसरा मजला, लिफ्ट नाय, कशाला? हे म्हणाले, गेट बघ. मी काय बघणार? गेटावर झाड."

काकांनी मला हे कधी सांगितलं नाही. सभेतही नाही, जिथे ते सांगून चार मतं मिळवता आली असती.

पहिल्या पावसाळ्यानंतर प्रश्न उरला तो रस्त्याकडच्या फांदीचा. ती सर्वांत मोठी, गेटवरून आडवी गेलेली, आणि ढोलीच्या अगदी वरून निघालेली. तिचं वजन काकांनी टोकाकडून थोडं कमी केलं, पण जास्त कापलं तर झाड एका अंगाला कलंडेल. हीच फांदी शहाभाईंच्या अटीतली फांदी होती. ही पडली असती तर वाद घालायलाही काही उरलं नसतं. लोखंडी खांब लावू या, आमच्या कारखान्यात पाइप पडलेत, मी म्हणाले. काका म्हणाले, "लोखंड हलत नाय. झाड हलतं. दोघांचं जमायचं नाय."

आणि ते नवापूरहून डोलकाठी घेऊन आले. शिडाच्या होडीची, त्यांच्या वडलांच्या वेळची. शिडं गेली, इंजिनं आली, तेव्हापासून ती बोंबील सुकत घालायच्या मांडवाचा खांब झाली होती. टेम्पोच्या दोन्ही बाजूंनी ती इतकी बाहेर आलेली होती की नाक्यावर हवालदारानं अडवलं. काकांनी त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण तो मोटारसायकलवर पुढे राहून टेम्पो आमच्या गेटपर्यंत पोचवून गेला.

डोलकाठीच्या डोक्यावर जुन्या टायरचं रबर, त्यावर जाळ्याच्या घड्या, आणि त्यावर फांदी. पायाशी दगड, आणि दगड आणि काठी यांच्यामध्ये सागाच्या पाचरी, एकावर एक. शेवटची पाचर त्यांनी ठोकली तेव्हा वर फांदी अगदी थोडी उचलली गेली. एखाद्या बाईच्या डोक्यावरच्या पाटीला दुसरीनं हात लावावा, तेवढीच.

"हे कायमचं नाय," त्यांनी मला बजावलं. "दुसरा पावसाळा होऊ दे. मग दर वर्षी बी उडून गेलं की एक पाचर काढायची. फांदीला आपलं वजन आपण पेलायची सवय लागली पायजे. आमी काठी तशीच ठेवली तर ती आळशी होईल."

हे मी लिहून घेतलं. माझ्या पद्धतीचं पहिलं काम होतं ते: वर्षातून एकदा, एक पाचर.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं. दुपारची वेळ होती. आकाश आधी पिवळं झालं, मग समुद्राकडून जो वारा सुटला त्यानं समोरच्या गाळ्यांचे पत्रे वहीच्या पानांसारखे उलटले. रस्त्यापलीकडचा नारळ मुळासकट आडवा झाला. मी खिडकीत उभी होते आणि वावळाकडे बघवत नव्हतं. आता जाणार. आता. शहाभाई त्यांच्या खिडकीत, हात जोडून. पडावं म्हणून की पडू नये म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

खाली पिवळं हेल्मेट दिसलं. काका डोलकाठीला हात लावून उभे होते. मी ओरडले, "काका, वर या! तुम्हीच म्हणाला होतात, खाली कोणाला उभं राहू देणार नाही!"

"मी कोणी हाय का?" ते वर बघून ओरडले. "तुमी खाली या! हे चुकवू नका!"

मी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. मी धोक्याच्या पाट्या लावणारी बाई आहे. त्यांनी माझा हात धरून तळवा डोलकाठीवर ठेवला.

वर सगळं झाड गरजत होतं. पण काठीत ती गर्जना नव्हती. काठीत एक संथ हालचाल होती. वजन यायचं, काठी भरायची. वजन जायचं, काठी रिकामी व्हायची. पुन्हा यायचं. नांगरलेल्या होडीच्या कडेवर हात ठेवावा तसं. इतकं अवाढव्य झाड आणि इतका वारा, आणि माझ्या तळहाताखाली ते श्वास घेत होतं, अजिबात घाई नसलेल्या माणसासारखं.

"घाबरलेलं नाय ते," काका माझ्या कानाशी म्हणाले. "आपुनच घाबरलोय."

वादळ ओसरलं. वावळाखाली डहाळ्यांचा खच पडला होता. शहाभाई छत्री घेऊन खाली आले आणि एकेक डहाळी उचलून आपल्या मनगटाशी लावून बघू लागले. अट ती अट. आम्ही सगळे बघत उभे. एक डहाळी जरा जाड होती. शहाभाईंनी ती मनगटाशी धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग आपली घड्याळाची बाजू सोडून दुसरं मनगट लावलं. आणि म्हणाले, "लहान आहे. माझं हाडच मोठं आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कडीला नारळ नव्हता, कारण काकांचं काही चुकलं नव्हतं. उलट काकांच्याच दाराशी पेढ्यांचा पुडा होता.

दोन पावसाळे पार पडले. तोडायचा विषय मी कामांच्या यादीतून काढून टाकला. त्यानंतरच्या चैत्रात वावळाला इतकं बी लागलं की झाड पोपटी दिसत होतं, जाहिरातीतल्या चित्रासारखं, आणि तेही पानांशिवाय, नुसत्या बियांनी. गोल, कागदासारख्या पातळ पंखांच्या चकत्या. त्या वाळल्या आणि वाऱ्यावर उडायला लागल्या तेव्हा जिन्यात, गच्चीवर, लोकांच्या ताटांत, सगळीकडे वावळ होता. शहाभाईंच्या आईंनी खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. बी उडून गेलं. काकांनी पहिली पाचर काढली, हातोडीच्या एका ठोक्यात. पुढच्या वर्षी दुसरी. फांदी तिथेच राहिली.

मग गुडघे गेले. तिसरा मजला त्यांना झेपेना. नवापूरचं घर रिकामंच होतं, भाऊ मुलाकडे राहायला गेला होता. काकांनी फ्लॅट सोडायचं ठरवलं, आणि ठरवलं तसं केलं.

सामानाचा टेम्पो निघायला तयार झाला. लताकाकू पुढे बसल्या होत्या, मांडीवर देव्हारा. काका गेटपाशी थांबले. ढोलीजवळ गेले. कडेनं नवी साल आली होती, ओठासारखी गोल वळलेली, आत झुकलेली. त्यांनी हातोडी काढली आणि खोडावर एकदाच ठोकली. मग कान लावला. बराच वेळ.

"काय म्हणतो आवाज?" मी विचारलं.

"मला सांगायचं म्हणून नाय बोलत ते."

टेम्पोत चढायला यादवनं त्यांना हात दिला. चढताना त्यांनी सवयीनं टेम्पोचा पत्रा ठोकला, तोंड वाकडं केलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हळू घे रे, ह्याच्यात काय राम नाय." मग माझ्याकडे वळले. "एक पाचर ऱ्हायली. या वर्षीचं बी उडालं की काढा. मला बोलवू नका."

"काठी पडली तर?"

"पडू दे. डोलकाठी उचलायची नि ठेवायची. आणि ऐका, हातानं काढा. हातोडी लागली तर समजा वेळ झाला नाय."

टेम्पो वळला. मला शेवटी दिसलं ते पिवळं हेल्मेट, सामानाच्या वर, कपाटाला टेकून बसलेलं. त्यांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं नाही. ते वर बघत होते, गेटवरच्या फांदीकडे. ती त्यांच्या डोक्यावरून गेली तेव्हा त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

यंदाचं बी उडून गेलंय. शेवटच्या चकत्या मी परवाच जिन्यातून झाडून काढल्या. काल कारखान्यातून आल्यावर यादवनं धरलेल्या शिडीवर चढून डोलकाठीचं डोकं बघितलं. फांदी आणि जाळ्याच्या घड्या यांच्यामध्ये कागद सरकवला. अडखळला नाही, या बाजूनं घातला, त्या बाजूनं निघाला. फांदी काठीला टेकलेलीच नाही. कधी उचलली गेली, कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग खाली उतरून पाचरीला बोटं लावली. ती हलते. दोन बोटांत येईल.

आजचं राहिलेलं काम: पाचर काढणे.